शोधयंत्र अनुकूलनातील चुका

शोधयंत्र अनुकूलनातील चुका : शोधयंत्राच्या निकालांत संकेतस्थळ वर यावे म्हणून केलेली, पण प्रत्यक्षात त्याला खाली नेणारी किंवा निकालांतून पुसून टाकणारी कामे. अनुकूलनाच्या या साऱ्या उद्योगाला व्यवहारात एसईओ म्हणतात. गूगल, बिंग यांसारखी शोधयंत्रे तीन टप्प्यांत काम करतात. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतो, वाचलेल्या पानांची सूची म्हणजे इंडेक्स तयार होते आणि कोणी काही शोधले की या सूचीतील पानांचा क्रम लावला जातो. चूक यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाली हे आधी पाहावे लागते. पान सूचीतच नसेल तर क्रम सुधारण्यासाठी ओतलेला पैसा फुकट जातो. तरीही विपणनाची माणसे पुष्कळदा निदानाआधीच औषध सुरू करतात.

सुरुवातीच्या शोधयंत्रांना फसवणे सोपे होते. पानाच्या न दिसणाऱ्या भागात कीवर्डची म्हणजे शोधशब्दांची यादी देण्याची सोय होती आणि तीत हवे ते शब्द भरता येत. या सोयीचा इतका गैरवापर झाला, की क्रम लावताना आपण ही यादी विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघडपणे सांगितले. ती यादी भरण्यात वेळ घालवणे हे आज निव्वळ व्यर्थ काम आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही शिफारस मानली गेली. शिफारशीला किंमत आली आणि लगेच तिचा बाजारही उभा राहिला. त्यावर गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा आणि एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हे बदल आणले. पांडाचा रोख उथळ, घाऊक मजकुरावर होता, तर पेंग्विनचा कृत्रिम दुव्यांवर. तोवर युक्ती म्हणून खपणाऱ्या अनेक गोष्टी या दोन बदलांनंतर चुकांच्या यादीत गेल्या.

सर्वांत जुनी आणि अजूनही टिकून असलेली चूक म्हणजे कीवर्डची खोगीरभरती. मराठीत ती लगेच उघडी पडते, कारण मराठी नाम वाक्यात क्वचितच मूळ रूपात राहते. पुण्यात, पुण्यातील, पुण्याहून अशी त्याची रूपे होतात. ‘फ्लॅट भाड्याने पुणे’ हा शोधणाऱ्याने घाईत टाइप केलेला तुकडा जसाच्या तसा परिच्छेदात चार वेळा बसवला, की वाक्य मोडते आणि वाचक पान बंद करतो. शोधयंत्रांना आता शब्दरूपे आणि समानार्थी शब्द बऱ्याच अंशी कळतात, त्यामुळे या मोडतोडीतून काही पदरात पडत नाही. शोधलेला तुकडा ही मागणी समजावी आणि उत्तर नीट मराठीत द्यावे.

दुवे विकत घेणे ही याहून महागात पडणारी चूक आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे प्रकरण या विषयात वारंवार सांगितले जाते. २०१० च्या सणासुदीच्या हंगामात कपडे, अंथरुणे, गालिचे अशा कितीतरी शोधांत ही कंपनी गूगलवर पहिली येत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यामागचे कारण उघड केले : विषयाशी संबंध नसलेल्या असंख्य स्थळांवर पैसे देऊन पेरलेले दुवे. गूगलने कारवाई करताच एका प्रकारच्या प्रवासी बॅगेच्या शोधात कंपनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे म्हणत कंपनीने आपल्या एसईओ सल्लागारांना काढून टाकले. पण शिक्षा स्थळाला होते, सल्लागाराला नाही. जानेवारी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहवून घेतलेल्या लेखांतून असाच दुवा गेल्याचे दिसले, तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोम पानाचा क्रम निदान ६० दिवसांसाठी उतरवला. जाहिरात म्हणून दुवा घेण्याला बंदी नाही. मात्र तो शिफारस म्हणून मोजू नये, हे सांगणारी ‘नोफॉलो’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण त्यावर हवी. यांतील पहिली २००५ मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये आली.

नुसती प्रवेशद्वारे म्हणून उभारलेली पाने हाही त्याच जातीचा दोष. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने निकालांतून काढून टाकले, कारण शोधयंत्राला शब्दांनी भरलेले एक पान दाखवले जाई आणि वाचकाला मात्र दुसऱ्याच पानावर नेले जाई. आपल्याकडे याचे सौम्य रूप सर्रास दिसते. ठाणे, कल्याण, पनवेल, वसई अशा प्रत्येक गावासाठी तोच मजकूर, फक्त गावाचे नाव बदललेले. त्या गावात दुकान नाही, तिथल्या कामाचा दाखला नाही, दर नाहीत. मग त्या पानाचा वाचकाला काय उपयोग? मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक मजकुराविरुद्धचे धोरण आणखी कडक केले. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने याला त्यात महत्त्व नाही. क्रम वाढवण्यासाठी निरुपयोगी पानांचा ढीग रचणे हाच गुन्हा धरला जातो.

तांत्रिक चुकांत लबाडी नसते, पण नुकसान तेवढेच होते. स्थळ बांधले जात असताना क्रॉलरला बंदी घालतात आणि उद्घाटनाच्या गडबडीत ती उठवायची राहते. वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीत शोधयंत्रांना परावृत्त करणारा एक चौकोन असतो. तेवढ्या एका खुणेमुळे सगळे स्थळ महिनोन्‌महिने अदृश्य राहू शकते. रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलीविषयीचा गैरसमज तर जुनाच आहे. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली ही फाइल पान वाचायला मनाई करते, सूचीत घ्यायला नाही. दुसऱ्या कोणी त्या पानाला दुवा दिला असेल, तर पान न वाचताही त्याचा पत्ता निकालांत येऊ शकतो. पान खरोखर वगळायचे असेल तर त्यात ‘नोइंडेक्स’ ही खूण हवी आणि ती वाचता यावी म्हणून क्रॉलरला आत येऊ द्यायला हवे. दोन्ही उपाय एकदम योजले तर खूण वाचलीच जात नाही.

स्थळाची नवी रचना करताना होणारे नुकसान सर्वांत दुःखद, कारण ते सहज टाळता येते. पत्ते बदलतात, जुनी पाने ‘सापडत नाही’ म्हणतात आणि वर्षानुवर्षे मिळालेले दुवे तुटतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन लावावे लागते आणि ते निदान वर्षभर ठेवावे, असे गूगल सांगते. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे हा उपाय नव्हे. असे पान हरवलेलेच मानले जाते. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असल्यास शिक्षा होते, ही भीती मात्र अवास्तव आहे. शोधयंत्र त्यांतील एक पान मुख्य म्हणून निवडते. ती निवड सुचवण्यासाठी ‘कॅनॉनिकल’ ही खूण फेब्रुवारी २००९ पासून उपलब्ध आहे.

मराठी संकेतस्थळांच्या काही चुका खास त्यांच्याच आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत मजकूर लिहिला जाई. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरे. अशी पाने क्रॉलरला अर्थहीन अक्षरांची रांग म्हणून दिसतात, आणि ती युनिकोडमध्ये आणेपर्यंत त्यांतील मोलाचा मजकूर मराठीत शोधून सापडणे अशक्य. आजची चूक चित्रांची आहे. सुंदर अक्षरांकनासाठी मेनू, दरपत्रक, कार्यक्रमपत्रिका, सगळेच चित्र म्हणून चढवले जाते. स्कॅन केलेल्या पीडीएफचेही तेच : त्यांतील मराठी अक्षरे भरवशाने वाचली जात नाहीत. चित्र ठेवावे, पण त्याखाली तोच मजकूर अक्षरांत द्यावा. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातील र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकदा ‘ऱ’ वापरून, एकदा साधा ‘र’ आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. स्थळाच्या स्वतःच्या शोधचौकटीत मात्र पान त्यामुळे निसटू शकते. संपूर्ण स्थळावर एकच तऱ्हा पाळावी.

भाषेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखते, कोडमधील भाषेच्या खुणेवरून नाही. त्यामुळे मेनू, बटणे, तळटीप इंग्रजीत आणि मध्ये चार ओळी मराठी, असे पान मराठी म्हणून ओळखले जाईलच असे नाही. इंग्रजी आणि मराठी आवृत्त्या वेगळ्या पत्त्यांवर ठेवून ‘एचरेफलँग’ खुणेने एकमेकींशी जोडाव्यात. यंत्राने केलेले भाषांतर न तपासता चढवणे तर मराठी वाचकाचा सरळ अपमान आहे. पत्त्यात देवनागरी शब्द घातल्याने क्रम घसरतो, हा समज निराधार आहे. वाचकांच्या भाषेतील शब्द पत्त्यात वापरावेत असेच गूगलचे मार्गदर्शन सांगते. अडचण इतकीच, की असा पत्ता दुसरीकडे चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होऊ शकते.

मोबाइलवरचे पान संगणकावरच्या पानापेक्षा तोकडे ठेवणे आता परवडत नाही, कारण गूगल मोबाइल आवृत्तीच वाचून सूची करते. वेगाचे मापही ठरलेले आहे : पानाचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा. पण वेगाच्या गुणांसाठी झुरणे आणि पानावर सांगण्यासारखे काहीच नसणे, हीही चूकच. गूगलला जाहिरातींचे पैसे दिल्याने नैसर्गिक निकालांतील क्रम वाढत नाही. अनुकूलनाच्या कामाचा परिणाम दिसायला साधारण ४ महिने ते वर्ष लागते, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच स्पष्ट केले आहे. अशी हमी देणाऱ्याशी करार करू नये. इतरांशी करार करतानाही डोमेन आणि सर्च कन्सोल या गूगलच्या देखरेखीच्या साधनाची मालकी स्वतःच्या खात्यावर ठेवावी आणि दुवे कोठून आणणार, हे लेखी घ्यावे.