शपथ नसलेल्या घराचा मुख्य

जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलात एक मोठा क्रूस आहे. 'चमत्कारांचा क्रूस' म्हणून तो ओळखला जातो. पर्यटक त्याच्यासमोर क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. हा क्रूस मुळात इथला नाही. तो ज्या चर्चमधून आणला, ते टेकडीवर झाडोऱ्यात मोडून पडले आहे. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा भिंतीत शिरलेली वडाची मुळे पाहून परत फिरलो होतो. इथे एके काळी माणसे एकत्र राहून, एका पंगतीला जेवून, एक शिस्त पाळत होती, हे मला नंतर वाचनातून कळले.

मी ख्रिस्ती नाही आणि विद्यापीठाचा इतिहासकारही नाही. माझी उमेद एका पतसंस्थेच्या हिशेबात गेली. ती संस्था बुडताना मी आतून पाहिली. नियमांचे पुस्तक जाडजूड होते, फक्त वरच्या खुर्चीतला माणूस ते स्वतःला लावून घेत नव्हता. त्यामुळे असेल, पण इतिहास वाचताना मी राजे आणि लढाया सोडून घरे शोधतो. माणसे एकत्र राहिली कशी आणि त्यांचा मुख्य कसा वागला, हे शोधतो. त्या टेकडीवरचे घर मला असेच सापडले.

काळ लक्षात घ्यायला हवा. 1683च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले आणि गोव्याच्या उंबरठ्यावर युद्ध आले. घाबरलेल्या व्हाइसरॉयने, कोंद द आल्व्होरने, आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवपेटीत नेऊन ठेवला. मोगल शाहजादा शाहआलम कोकणात उतरला, मराठ्यांना मागे फिरावे लागले आणि गोवे वाचले. पुढच्याच वर्षी, जून 1684 मध्ये, याच व्हाइसरॉयने हुकूम काढला की रयतेने तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी.

स्थानिक पाद्र्यांची स्थितीही अशीच होती. त्यांना दीक्षा मिळे, पण जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा युरोपीय संघांची दारे त्यांना साधारणपणे बंद असत. अशा काही गोमंतकीय पाद्र्यांनी पास्कोआल द कोस्ता जेरेमियास यांच्या पुढाकाराने एकत्र राहायला सुरुवात केली आणि त्या क्रुसाच्या चर्चपाशी मुक्काम केला. 25 सप्टेंबर 1685 रोजी त्यांच्यात एक चौतीस वर्षांचा पाद्री दाखल झाला. त्याचे नाव जोझे वाझ. लवकरच बाकीच्यांनी त्यालाच मुख्य निवडले.

वाझचा जन्म 21 एप्रिल 1651चा, बाणावलीचा; घराणे सांकवाळचे. 1676 मध्ये दीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी त्याने सांकवाळच्या चर्चमध्ये एक दस्त लिहून ठेवला. त्यात स्वतःला मारिया मातेचा कायमचा गुलाम म्हणवून घेतले होते. गोव्यात तेव्हा गुलामांची खरेदी-विक्री चाले. उच्चवर्णीय घरातल्या तरुणाने तो शब्द स्वतःला लावावा, याचे वजन त्या काळच्या वाचणाऱ्याला चांगले कळले असेल.

त्याला जायचे होते सिलोनला. वरिष्ठांनी 1681 मध्ये पाठवले कानड्यात. तिथे पोर्तुगालचा राजा आणि रोम यांच्या नेमणुकांमध्ये अधिकाराचा वाद पेटलेला होता. वाझ एका बाजूचा प्रतिनिधी म्हणून गेला आणि तीन वर्षे समेटासाठी झटला. मनाविरुद्धची आज्ञा त्याने अशी निभावली.

मुख्य झाल्यावर त्याने या मंडळीसाठी सेंट फिलिप नेरीच्या ओरेटरीची पद्धत निवडली आणि लिस्बनच्या ओरेटरीकडून नियम मागवले. ही निवड मला फार बोलकी वाटते. इतर संघांत दारिद्र्याची आणि आज्ञापालनाची शपथ असते. मोडली तर पाप. ओरेटरीत अशी शपथच नसते. पाद्री एकत्र राहतात, प्रार्थना करतात, प्रवचने देतात, पापनिवेदन ऐकतात, आणि त्यांना बांधून ठेवतो तो केवळ परस्परांचा स्नेह. मुख्य त्यांनीच निवडलेला, त्यांच्यातलाच.

अशा घरात मुख्याच्या हातात दंड नसतो. त्याच्याकडे असते ते फक्त स्वतःचे वागणे. वाझने ते कसे वापरले, हे 1686 मध्ये दिसले. त्याने मुख्यपद सोडले आणि सिलोनची वाट धरली.

सिलोनचा किनारा तेव्हा डचांच्या ताब्यात होता. कोलंबो 1656 मध्ये, जाफना 1658 मध्ये पडले होते आणि कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. एका नोकराला बरोबर घेऊन, मजुराच्या वेषात वाझ 1687 मध्ये तिथे पोचला. वाटेतच आजारी पडला होता. जाफन्यात तो भीक मागत दारोदार फिरे, गळ्यात जपमाळ. ती पाहून कुणाच्या डोळ्यांत ओळख दिसली की त्याला समजे, हे घर आपल्यापैकी आहे.

1692 मध्ये तो कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात शिरला आणि पोर्तुगीज हेर समजून कैद झाला. कैदेत तो सिंहली शिकला. ज्या गोव्यात लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम निघाला, तिथला हा पाद्री परक्या लोकांची भाषा आधी शिकत होता. जवळजवळ दहा वर्षे त्याच्यासोबत दुसरा पाद्री नव्हता. देखरेख नाही, सोबत नाही, शपथही नाही. तरी त्याची दिनचर्या सुटली नाही.

पुढे गोव्याहून सोबती आले. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळत होते. वाझ आणि त्याचा भाचा फादर जोझे कार्व्हाल्यू त्यांना आसरा देत, जखमा धूत, मेलेल्यांना पुरत. धर्म विचारत नव्हते. आता तो या मोहिमेचा प्रमुख होता, पण हे काम त्याने दुसऱ्यावर सोपवले नाही. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा विश्वास त्याने असा मिळवला. 1705 मध्ये दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस आले आणि त्यांनी सिंहली व तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. सिंहली साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. युरोपीय संघांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या या घराचे दारही सर्वांना उघडे नव्हते. तिथे घेतले जात ते ब्राह्मण घराण्यांतले पाद्री. चारदो पाद्र्यांना चिंबलला कार्मेलींच्या आश्रयाने वेगळी वाट काढावी लागली. गोऱ्यांचा भेद सोसलेल्यांनी स्वतःचा भेद सोडला नाही. सिलोनच्या रस्त्यावर मजूर आणि भिकारी होऊन फिरलेला मुख्य त्याच घराने दिला, हेही खरे. पण त्याच्या शिस्तीने घराचा हा नियम बदलला नाही, हेही तितकेच खरे. एका माणसाच्या आचरणाला मर्यादा असते, ती इथे दिसते.

16 जानेवारी 1711 रोजी वाझ कँडीत वारला. त्याची कबर आज सापडत नाही. गोव्याची ओरेटरी मात्र पुढे शतकाहून अधिक काळ सिलोनला पाद्री पाठवत राहिली, त्याच धोक्यात, त्याच वाटेने. पोर्तुगालच्या सरकारने सगळे संघ बंद केले तेव्हा 1835 मध्ये हे घरही मिटले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझला संत म्हणून जाहीर केले.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा टेकडी चढलो. आमच्या बुडालेल्या संस्थेत सह्या, शिक्के, प्रतिज्ञापत्रे, सगळे होते. या घरात यातले फारसे काही नव्हते, तरी ते दीडशे वर्षे टिकले. खाली उतरताना वाटले, पहिल्या मुख्याने खुर्ची वर्षभरात सोडली, हाच बहुधा त्या घराचा सगळ्यात पक्का नियम ठरला.