जीपच्या पुढच्या चाकांचा इतिहास

जुन्या जीपगाडीला डोंगरवाटांसाठी सज्ज करण्याची जी कारागिरी आज भारतात चालते, तिचा मोठा भाग नवे काही घालण्याचा नसून, मधल्या अर्धशतकात त्या गाडीतून जे काढून घेतले गेले ते परत बसवण्याचा आहे. हा काढण्या-घालण्याचा क्रम समजून घ्यायचा, तर गाडीच्या पुढच्या चाकांकडे पाहावे लागते, कारण त्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो की नाही, यावरच हे वाहन कोणासाठी आणि कोणत्या रस्त्यासाठी बनले हे ठरत आले आहे.

अमेरिकी सैन्याने १९४० च्या उन्हाळ्यात हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना सैन्याच्या हवाली झाला. एवढ्या मोठ्या उत्पादनाचा भार बँटमला पेलणार नाही असे ठरल्यामुळे प्रत्यक्षात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. या गाडीत इंजिनाचा जोर आधी गिअरपेटीत आणि तेथून ‘ट्रान्स्फर केस’ नावाच्या दुसऱ्या पेटीत जातो. ही दुसरी पेटी तो जोर पुढच्या आणि मागच्या धुऱ्याला वाटून देते, आणि तिच्यातील दुसरा, हळू गिअर टाकला की वेग घटून चाकावरचा पीळ वाढतो. युद्धातील विलीज गाडीत पहिला गिअर, हा हळू गिअर आणि धुऱ्यातील दातेरी चक्रे यांचा गुणाकार सुमारे २६ येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला २६ फेरे घ्यावे लागतात.

युद्ध संपताच, १९४५ मध्ये, विलीजने नागरी बाजारासाठी जी गाडी काढली तिच्यात हाच गुणाकार ३७ च्या घरात नेला होता, आणि ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. लढाईतील गाडीला वेग हवा होता, तर शेतावरच्या गाडीला नांगर ओढायचा होता, मागे बसवलेल्या जोडदांड्याने मळणीयंत्र किंवा पंप फिरवायचा होता. मूळ बनावटीच्या चारचाकी जोराच्या गाडीला खडतर जमिनीसाठी अधिक समर्थ करण्याचे पहिले काम त्यामुळे हौशी चालकांनी नव्हे, खुद्द कारखान्याने केले, आणि तेही शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून.

त्यानंतरची पहिली बाजारू सुधारणा मात्र उलट दिशेची होती. लष्कराने विकलेल्या हजारो जीपा अमेरिकेत गावोगावी पोचल्या, आणि त्या मुख्यतः रस्त्यावरच धावू लागल्या. ट्रान्स्फर केसमधून पुढचा जोर तोडला तरी पुढची चाके फिरताना आपल्याबरोबर धुऱ्याच्या आतील दांडे आणि चक्रे ओढतच राहत, त्यामुळे पेट्रोल जाई, झीज होई आणि गाडी घुमत राही. १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी सिॲटल येथे ‘फ्री-व्हीलिंग हब’ बनवण्यास आरंभ केला, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी अशी कळ, जी हाताने फिरवली की पुढचे चाक आतल्या दांड्यापासून सुटे होते. खडकावर चढण्याच्या साधनांसाठी आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कंपनीचे पहिले उत्पादन जीपला डांबरी रस्त्यावर सुखाने चालता यावे म्हणून होते. विजेवर चालणारी मनोरंजनापुरती विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारा रहाट, त्यांनी १९५९ मध्ये आणली. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये जीपचालकांचा पहिला मेळावा भरला आणि युटातील मोआब येथे १९६७ पासून ईस्टरच्या सुट्टीतील सफरी सुरू झाल्या, तेव्हा कुठे खडकासाठीच गाडी बदलण्याचा छंद एक स्वतंत्र व्यवसाय बनला.

भारतात याच यंत्राचा प्रवास वेगळ्या कारणांनी वेगळा झाला. जे. सी. आणि के. सी. हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी जी कंपनी काढली, तिचे नाव फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाल्यावर, १९४८ मध्ये, महिंद्र अँड महिंद्र असे झाले. अमेरिकेतून सुट्या भागांत येणाऱ्या विलीज जीपा या कंपनीने मुंबईत माझगाव येथे जुळवण्यास आरंभ केला, आणि पुढे विलीजशी करार होऊन भागही देशात बनू लागले. भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर जीप म्हटले की जे उंच बोनेटचे रूप येते ते १९५३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सीजे-३बी या नमुन्याचे आहे. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच असल्याने बोनेट वर उचलावे लागले, आणि अमेरिकेत १९६८ नंतर हा नमुना बंद झाला तरी मुंबईत तो पुढे चालू राहिला. तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत, वनखात्यापासून पोलिसांपर्यंत सरकारचा वावर ज्या गाडीतून झाला, ती ही गाडी.

पुढच्या दोन बदलांनी या गाडीचा स्वभाव पालटला. पहिला बदल इंधनाचा. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, हे गणित १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर इतके उघडे पडले की कंपनीने जीपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर बनावटीच्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले. सीजे-५००डी या नावाने निघालेली ही गाडी आवाजाला आणि हादऱ्याला ट्रॅक्टरच होती. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून परवाना घेऊन २,११२ सीसीचे एक्सडीपी हे डिझेल इंजिन नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे बनू लागले, आणि १९८० च्या दशकात आलेल्या एमएम-५४० या गाडीने ग्रामीण भारत व्यापला. कारखान्याने जे केले ते गावातील गॅरेजांनी आधीच चालवले होते: लष्कराच्या लिलावातून आलेल्या पेट्रोल जीपमध्ये हाताला येईल ते डिझेल इंजिन, इंजिनाचे पाय नव्याने वितळजोड करून आणि गिअरपेटीशी जुळणारी तबकडी खराद्यावर घडवून बसवायचे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव याच धंद्यामुळे नावारूपाला आले, आणि मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार सुट्या भागांचे कोठार बनला.

दुसरा बदल पुढच्या धुऱ्याचा, आणि तो अधिक निःशब्द होता. रस्ते वाढले तसे बहुसंख्य ग्राहकांना पुढच्या चाकांचा जोर हा फुकटचा खर्च वाटू लागला. त्यासाठी लागणारा धुरा, दांडा आणि ट्रान्स्फर केस काढून टाकले की गाडी हलकी व स्वस्त होते, तेलपाणी कमी लागते आणि प्रवासी अधिक वाहता येतात. सातारा-कोल्हापूर भागात ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जीपांनी, म्हणजे महिंद्रच्या लांबोडक्या कमांडर गाड्या आणि पुण्याच्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स यांनी, एसटी न पोचणाऱ्या वाड्यावस्त्यांना बाजारगावाशी जोडले, आणि त्यांतील बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांचा जोर होता. दिसायला जीप, आत बसायला जीप, मागच्या पायरीवर लटकायला तर खासच जीप. पण जीपपण ज्यावर उभे होते तो पुढचा धुरा मात्र नव्हता. याला ऱ्हास म्हणणे योग्य होणार नाही, कारण वडापने जेवढी माणसे वाहिली तेवढी कोणत्याही खडकावर चढणाऱ्या गाडीने वाहिलेली नाहीत.

मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये आणलेली जिप्सी ही सुझुकीच्या जपानी नमुन्यावरची गाडी या प्रवाहाबाहेर राहिली. ९७० सीसीचे छोटे पेट्रोल इंजिन, टनाच्या आसपासचे वजन, लीफ स्प्रिंग आणि पुढच्या चाकांना हब, अशी तिची रचना होती. सैन्याने आणि पोलिसांनी ती पत्करली, आणि लिलावातून बाहेर पडलेल्या याच गाड्या पुढे हौशी चालकांच्या हाती आल्या.

हौशी गट १९९० नंतरच्या दशकांत सह्याद्रीच्या घाटवाटांवर, पावसाळी ओढ्यांत आणि लाल चिखलात गाड्या उतरवू लागले, तेव्हा त्यांच्यासमोर तीन अडचणी होत्या, आणि त्यांवरचे उपाय जगात इतरत्र आधीच सापडलेले होते. पहिली अडचण जमिनीपासूनच्या उंचीची. लीफ स्प्रिंग म्हणजे पोलादाचे पाटे एकावर एक रचून केलेली कमान. मूळ जीपमध्ये धुरा पाट्यांच्या वर बसे. तो पाट्यांच्या खाली नेला की सांगाडा चार-पाच इंच वर जातो. हा उपाय स्वस्त असल्याने फार लोकप्रिय झाला, पण त्याचे व्याजही भरावे लागते: मधल्या दांड्याचा कोन तीव्र होऊन सांधे खडखडतात, जोर लागला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात आणि स्टिअरिंगचे दांडे तिरपे होऊन गाडी खड्ड्यात आपोआप वळते. शिवाय धुऱ्याच्या मध्यावरचा फुगीर गोळा, जो खडकाला सर्वांत आधी टेकतो, तो या खटाटोपाने एक सूतही वर जात नाही, कारण त्याला उचलणारे फक्त टायर असते. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातले की तो दीड इंच वर जातो, पण त्याच वेळी ३७ चा गुणाकार ३३ च्या घरात उतरतो, आणि १९४५ मध्ये कारखान्याने शेतकऱ्याला दिलेला फायदा हौशी चालक न कळत गमावून बसतो. मोठ्या टायरबरोबर धुऱ्यातील दातेरी जोडी बदलणे म्हणूनच चोखंदळ कारागीर आवश्यक मानतात.

दुसरी अडचण डिफरन्शियलची. वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही यंत्रणा धुऱ्यात असते. पण एक चाक हवेत किंवा चिखलात गेले की सगळी गती त्यालाच मिळून दुसरे चाक ठाम उभे राहते, आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी प्रत्यक्षात दोनच चाकांवर केविलवाणी फिरत राहते. दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉकर हा त्यावरचा इलाज. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीने हवेच्या दाबावर हवा तेव्हा लागणारा लॉकर जगभर रूढ केला, पण आयात करांमुळे तो येथे थोड्यांनाच परवडला. तिसरी अडचण, पाण्याची, स्नॉर्केल म्हणजे इंजिनाची श्वासनळी छतापर्यंत नेऊन सोडवली गेली.

महिंद्रने ऑक्टोबर २०१० मध्ये थार आणली ती या हौशी वर्गाकडे पाहूनच, आणि २०१५ मध्ये तिच्या मागच्या धुऱ्यात आपोआप जखडणारे डिफरन्शियलही दिले. तरी तिच्या पुढे अखंड धुरा नव्हता. दोन्ही चाके स्वतंत्र लोंबणारी होती, जी रस्त्यावर सुखद पण खडकावर कमी पसरणारी ठरतात. साहजिकच काही कार्यशाळांनी नव्या कोऱ्या थारचा पुढचा भाग उकलून त्यात जुन्या जीपचा अखंड धुरा बसवला. भंगारातून निघालेला भाग नव्या गाडीची सुधारणा ठरला.

कायद्याची भूमिका या सगळ्यात सतत कडक होत गेली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या रचनेत फरक करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये पुढच्या लोखंडी बुल-बारवर बंदी आलीच होती. आयुष्यभर गावोगावी इंजिने आणि धुरे बदलत जगलेल्या वाहनाला हे नियम कडवट वाटणे स्वाभाविक आहे, पण ब्रेक न बदलता टायर वाढवलेल्या गाडीसमोर रस्त्यावर चालणाऱ्याची बाजूही तितकीच खरी आहे.

२०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये सुरुवातीला सर्वच गाड्यांच्या चारही चाकांना जोर होता. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिची आणखी एक आवृत्ती काढली: डिझेल इंजिन करसवलतीत बसणारे दीड लिटरचे, किंमत ९ लाख ९९ हजारांपासून, आणि पुढच्या चाकांचा जोर काढून टाकलेला.