बर्फातला शिलालेख

आपल्या डहाणूचे नाव नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने ज्या नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट होड्या ठेवल्या, त्यांत ‘दाहनुका’ ही एक. सुमारे १९०० वर्षे लोटली, तरी ती अक्षरे वाचता येतात. दगडाला राखणदार लागला नाही.

इतिहासाची दुसरीही एक लिपी आहे. ती बर्फात असते. अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षे पडलेले हिम थरावर थर दाबले जाते. त्यात धूळ, समुद्राचे मीठ, हवेचे बुडबुडे कोंडून राहतात. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या गंधकाम्लाची खूण दोन्ही ध्रुवांकडील बर्फात सापडते. पोकळ गिरमिटाने असा बर्फ उभा कापून काढतात. त्या कांडीला हिमगाभा म्हणतात.

डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. पुढे १९९८ साली वास्को येथे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. बाहेर किनाऱ्यावरचा उकाडा आणि आत शून्याखाली २० अंशांची खोली. तिथे हे गाभे जपून ठेवतात.

मग थंडी राखली की झाले का? तसे नाही. ह्या खुणा अब्जांश मापाच्या. हाताच्या घामातले मीठसुद्धा त्यांना झाकून टाकील. म्हणून हातमोजे घालून गाभ्याची बाहेरची साल काढतात आणि आतलाच बर्फ तपासतात. बुडबुड्यांतली हवा तर बर्फ न वितळताही हळूहळू निसटते.

आणि वितळला तर? डहाणूच्या बंदरावरची मासळीची पेटी आठवा. वरच्या बर्फाचे पाणी खाली झिरपते, सगळे एकत्र होते. ते पुन्हा गोठवले तरी कुठले मीठ कुठल्या थरातले, हे कोण सांगणार? कॅनडातल्या एडमंटन येथे एप्रिल २०१७ मध्ये शीतगृह बिघडले आणि साठ्यातला सुमारे १३ टक्के बर्फ वितळला. त्यातल्या काही नोंदी हजारो वर्षांच्या होत्या. शिवाय हिमालयातल्या, आल्प्समधल्या हिमनद्या आटत आहेत. तिथला गेलेला थर पुन्हा खणून आणता यायचा नाही.

डहाणू-तळासरीच्या शिक्षकांनी हे वर्गात दाखवावे. पेल्यात हळदीचे पाणी गोठवा, त्यावर साधे, त्यावर कुंकवाचे. मुलांना थर मोजू द्या. मग पेला उन्हात ठेवा आणि तेच थर पुन्हा मोजायला सांगा.