फ्यूज माझ्या खिशात होता

रात्री ९.४० : अजून वीस तास

मेहुण्याची नवी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. नवी म्हणजे त्याला नवी. गाडीचं वय अकरा. शोरूममध्ये असताना जिची किंमत ऐकून माणूस विषय बदलायचा, ती आता मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळाली होती. अडीच टनांचं धूड, चारही चाकांना ताकद, आणि स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या. बटण दाबलं की उठते, दाबलं की बसते.

"उंटासारखी आहे, दाजी," तो म्हणाला.

मी मागून पाहिलं. डावी बाजू दोन बोटं खाली होती. पार्किंगला उतार आहे म्हणून तसं दिसतं, असं त्याचं म्हणणं. उतार होता हे खरं, पण तो उजवीकडे होता. मी तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात हवेच्या यंत्रांची देखभाल केलेली. उतार कोणता आणि गळती कोणती, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, केळशीला दिलेल्या मोठ्या बहिणीकडे जायचं ठरलेलं होतं, आणि मेहुणा बोनेटवरून फडकं फिरवत होता. मी बोललो नाही.

सकाळी ६.५० : अकरा तास

रात्रीतून मागचं डावं चाक मडगार्डात शिरलं होतं. इंजिन सुरू झालं आणि गाडीखालून घरघर ऐकू आली. मी घड्याळ लावलं. साडेचार मिनिटं!

घरघर करणारा हा हवेचा कॉम्प्रेसर दोन लिटरच्या बाटलीएवढा असतो. एक विजेची मोटर, एक पिस्टन, त्याला टेफ्लॉनसारख्या पदार्थाची कडी. तेलाचा थेंब नाही, कारण तेल पुढे झडपांत आणि पिशव्यांत जायला नको. ओढलेली हवा सिलिका जेलच्या दाण्यांतून जाते, तिथे तिचं पाणी शोषलं जातं, मग ती टाकीत साठते. टाकीतला दाब १५ बारच्या आसपास. आपल्या टायरात सव्वादोन-अडीच असतो. टाकी भरलेली असेल तर गाडी तिच्याच जोरावर काही सेकंदांत उभी राहते आणि कॉम्प्रेसर मागाहून थोडा वेळ चालून टाकी भरून ठेवतो. इथे टाकी रिकामी होती आणि बिचारा थेट छातीच्या बळावर अडीच टन उचलत होता.

कारखान्यात नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगायचो, कॉम्प्रेसर सारखा लागत असेल तर कॉम्प्रेसर उघडू नकोस, गळती शोध. त्यासाठी आम्ही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जायचो. मशिनं बंद असली की फुसफुस कुठून येते ते ऐकू येतं.

बायको फराळाचे डबे मागे रचत होती. पाच माणसं, चार बॅगा, आणि चकल्या मोडू नयेत म्हणून डब्यांवर उशी. निघालो.

सकाळी ९.१० : पावणेनऊ तास

ताम्हिणीत फोटोसाठी थांबलो. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मेहुण्याने ती दोन इंच वर उचलली. पुन्हा घरघर, या वेळी आवाज जाडा. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्याने चावी बंद करून पुन्हा सुरू केली, दिवा गेला. "सेन्सरचा काहीतरी प्रॉब्लेम," भाच्याने निदान केलं. आजकाल सगळे आजार सेन्सरचेच असतात.

दिवा विझला म्हणजे कॉम्प्रेसरला विश्रांती मिळाली, एवढंच. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं ते आठवा. हवा दाबली की तापते, आणि १५ पट दाबली तर विचारूच नका. म्हणून हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालायचा आणि मग गार व्हायचा, अशा हिशेबाने बनवलेला असतो. तापमान वाढलं की गाडीचा संगणक त्याला थांबवतो.

मेहुण्याचा युक्तिवाद असा की शिवनेरीच्या पोटाखालीही हवेच्या पिशव्याच असतात, त्या कुठे बसतात? मुद्दा बरोबर, उदाहरण चुकीचं. बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, त्याला तेल मिळतं, ब्रेकसाठी तो दिवसभर राबायलाच बांधलेला असतो. हे मी त्याला समजावून सांगितलं. मागच्या डाव्या पिशवीबद्दल तेव्हाही बोललो नाही.

सकाळी ११.३० : सहा तास वीस मिनिटं

माणगावच्या अलीकडे दिवा परत आला, सोबत पन्नासच्या वर जाऊ नका अशी सूचना. एका टायरवाल्याच्या शेजारी छोटं गॅरेज होतं. मालक तिशीतला. एवढी महाग गाडी बघून हात जोडील असं वाटलं होतं, पण त्याने आधी साबणाचं पाणी मागवलं.

तिथेच मी त्याला मनातून गुरू केला. इंजिन बंद करून तो क्रमाने गेला: पिशवीच्या वर नळी जोडली जाते तो सांधा, मग झडपांचा ठोकळा, शेवटी पिशवीची घडी. पहिल्या दोन ठिकाणी काही नाही. चाक वर-खाली होताना रबर जिथे गुंडाळलं-उलगडलं जातं, तिथे त्याने फडक्याने माती पुसली आणि पाणी सोडलं. आधी काहीच दिसेना. मग बारीक फेस धरला, आणि त्यात एकेक बुडबुडा फुगून फुटू लागला. रबराला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. उजव्या बाजूलाही होत्या, फक्त अजून आरपार गेल्या नव्हत्या.

त्याने स्कॅनर लावला. टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय, अशा अर्थाचा दोष त्यात नोंदलेला होता, तोही बऱ्याच वेळा. मग त्याने कॉम्प्रेसरची हवा बाहेर पडते ती नळी सोडवून तळहातावर झटकली. पांढरी पूड पडली.

"रांगोळी," तो म्हणाला.

ते सिलिका जेल होतं. जास्त राबवलं, तापवलं, पावसाळी दमट हवा पाजली की दाणे दमतात, फुटतात, त्यांची पूड होते आणि ती पूड झडपांत जाऊन बसते. पिशवी गळत होती म्हणून कॉम्प्रेसर जास्त चालला, जास्त चालल्याने तापून त्याची कडी झिजली, कडी झिजल्यामुळे तेवढीच हवा भरायला आणखी वेळ लागू लागला. हे चक्र बहुधा गाडी विकली जाण्याच्या आधीपासूनच फिरत होतं.

"नुसता कॉम्प्रेसर बदलू नका, साहेब. पिशव्या तशाच ठेवल्या तर नवापण जाईल," मालक म्हणाला. मग गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर त्याने फ्यूजबॉक्समधून सस्पेंशनच्या संगणकाचा फ्यूज काढला. वीज नसली की झडपा बंदच राहतात, हवा आहे तिथे कोंडली जाते, आणि घाबरलेला संगणक गाडी खाली बसवू शकत नाही. गळेल ती फक्त भेगांतून, सावकाश.

"आता पन्नासच्या आत पुण्याला परत फिरा. खाडीच्या बोटीवर गाडी नेऊ नका, तिथे उंची लागते. आणि काही झालं तरी हा परत लावू नका."

नखाएवढा तो फ्यूज त्याने मेहुण्याला नाही, मला दिला. माझे पिकलेले केस बघून दिला असावा. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

गाडीत चर्चा झाली, म्हणजे बायको म्हणाली, "ताई सकाळपासून वाट बघतेय," आणि चर्चा संपली.

दुपारी ३.४० : दोन तास

म्हसळ्याच्या पुढे मागची डावी बाजू पुन्हा दोन बोटं उतरली. खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर 'ठक' आवाज. चकल्यांचं कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी ४.५५ : एक तास

बागमांडला. बोट नुकतीच सुटलेली. पलीकडे वेशवी, मध्ये सावित्रीची खाडी, उजव्या हाताला खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा डोंगर.

किनाऱ्यावरचा हिशेब सोपा असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बीज, म्हणजे दुपारी दीड. अमावास्या परवाच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती मोठी तशी ओहोटीही खोल. साडेसातपर्यंत पाणी ओढणार. धक्क्याचा उतार पाण्याबाहेर लांबच लांब उघडा पडला होता, खालच्या टोकाला हिरवं शेवाळ. बोट जितकी खाली, तितका गाड्या चढवायचा तिचा फळा धक्क्यावरून चढा.

संध्याकाळी ५.३१ : एकवीस मिनिटं

"दाजी, फ्यूज द्या. दोन इंच उचलतो, बोटीवर चढली की परत काढू."

मी नाही म्हणू शकलो असतो. त्याचा युक्तिवाद मला पटलाही होता, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. कॉम्प्रेसर सहा तास गार झाला होता, एकदा तरी उचलेल असं मला खरंच वाटलं. मी खिशात हात घातला.

उचलली. तीन मिनिटांत गाडी नेहमीच्या उंचीला आली. तिथे थांबायला हवं होतं. मेहुण्याने बटण आणखी एकदा दाबलं.

५.४४ : आठ मिनिटं

बोट लागली, फळा धाडकन पडला. आधी मोटारसायकली, मग दोन गाड्या, मग आम्ही. मागे आणखी चार. खिडकीची काच खाली होती आणि मला फक्त ती घरघर ऐकू येत होती. ती अजून चालू होती. तिने तेव्हाच थांबायला हवं होतं.

५.५० : दोन मिनिटं

शेवाळावरून उतरलो. बंपर फळ्याला न लागता गेला, मेहुण्याने विजयाने माझ्याकडे पाहिलं. पुढची चाकं डेकवर आली. घरघरीत खडखड मिसळली, मग नुसतं 'टक-टक', मग काहीच नाही. लाल दिवा.

संगणकाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: उंची सांभाळता येत नाही, तेव्हा गाडी सुरक्षितपणे खाली घ्या. गाडी कुठे उभी आहे हे त्याला कोण सांगणार?

५.५२

चारही बाजूंनी एकदम फुस्स. गाडी बसली, अगदी उंटासारखी. पुढची चाकं डेकवर, मागची फळ्यावर, आणि पोट नेमकं बिजागरीच्या उंचवट्यावर. मेहुण्याने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरली.

खलाशी ओरडला, "फळा उचलता येत नाय!" फळा उचलल्याशिवाय बोट हलणार नाही, आणि पाणी तर ओढत होतं, बोट तळाला लागायला किती वेळ, यावर दोन खलाशांचं भांडण सुरू झालं. मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले. तिसरा खलाशी ओणवा होऊन गाडीखाली बघून आला आणि त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हवा भरायचा पंप हाय का कुनाकडं?"

मेहुण्याने फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो उजेडाकडे धरला. आतली तार शाबूत होती.

फोन वाजला. केळशीहून ताई. ताट तयार होतं, चंद्रकोर दिसायच्या आत पोचताय ना, विचारत होती. समोर वेशवीचे दिवे लागत होते.

"किनारा दिसतोय," मी म्हणालो.