चिंधी कुटणारं यंत्र

अकोल्याच्या बाजारात कापूस विकून शेतकरी जी नोट मोजून घेतो, तीही कापसाचीच असते. भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा. लाकडाचा त्यात अंश नाही. म्हणून ती घामाने भिजलेल्या खिशात टिकते, चुकून धुण्यात गेली तरी निभावते. श्रेय आपण कापसाला देतो आणि ते रास्तच आहे. पण त्यातला मोठा वाटा एका यंत्राचा आहे, आणि कापसाच्या या मुलखात त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. कागदवाले त्याला बीटर म्हणतात.

कापूस नुसता भिजवून साच्यावर पसरला आणि वाळवला, तर कागद होत नाही. बोट लावताच सुटणारा थर होतो. तंतू गुळगुळीत असतो, एकमेकाला धरत नाही. तो ओला असताना चेचला, की त्याची वरची साल फाटते, बारीक कुसळं मोकळी होतात आणि पाणी आत शिरतं. मग वाळताना ही कुसळं एकमेकांत गुंततात आणि रासायनिक ओढीनेच घट्ट बसतात. त्यासाठी डिंक लागत नाही. खळ लावतात ती शाई फुटू नये म्हणून. तेव्हा कागदाचा जीव या कुटण्यात आहे.

आपल्याकडे हे कुटणं ढेकीवर व्हायचं. लांब लाकडी दांडा, एका टोकाला जड मुसळ, दुसऱ्या टोकावर माणसाचा पाय. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातले आणि जुन्नरचे कागद करणारे कारागीर चिंध्या, जुने दोर, गोणपाट चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. यात दिवसांमागून दिवस जात. युरोपात हेच मुसळ तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी पाणचक्कीला जोडलं. पाय सुटले, पण ठोका तोच राहिला.

खरी उडी घेतली हॉलंडने, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तो देश सपाट, उंचावरून पडणारं पाणी नाही. होता तो वारा. पवनचक्कीवर जड मुसळं उचलणं जिकिरीचं, म्हणून त्यांनी ठोकाच काढून टाकला आणि गोल फिरणारा रूळ आणला. हाच तो बीटर; जगभर त्याला आजही हॉलंडर म्हणतात.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. लांबट गोल हौद, मधोमध अर्धी भिंत, म्हणजे आतला लगदा भिंतीभोवती फिरत राहतो. एका बाजूला आडवा रूळ, त्यावर धातूची पाती. खाली तळाशी तशीच पात्यांची पाटी. रूळ आणि पाटी यांमधली फट कारागीर कमीजास्त करतो. फट मोठी ठेवली तर तंतू नुसता चेचला जातो, कमी केली तर कापला जातो. मुसळाने कुटलेल्या लगद्याचे तंतू लांब राहायचे, कागद चिवट व्हायचा. हॉलंडरच्या घाईत ते तुटतात, ही त्याची उणीव आजवर गेलेली नाही. पण दिवसांचं काम तासांवर आलं. जाणता कारागीर भांड्यात स्वच्छ पाणी घेतो, त्यात थोडा लगदा ढवळतो आणि उजेडासमोर धरतो. गाठी दिसल्या तर रूळ आणखी फिरू द्यायचा.

किती वेळ कुटायचं, यावर कागदाची जात ठरते. थोडं कुटलं की टिपकागद आणि मऊ टिश्यू: पाणी शोषणारे, पण दुबळे. जास्त कुटलं की नोटेसारखा खणखणीत कागद. फारच कुटलं तर तंतूंमधली हवा निघून जाते आणि पलीकडचं दिसावं असा पारदर्शक कागद हाती येतो.

पुढे १७९९ साली फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेरने अखंड फिरणाऱ्या जाळीवर सलग कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. इंग्लंडात ब्रायन डॉन्किनने ते चालतं केलं, आणि नाव लागलं भांडवल घालणाऱ्या फोर्ड्रिनियर बंधूंचं. भांडवल घालून ते बुडाले, तरी नाव त्यांचंच राहिलं. भारतात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८२० साली कागदासाठी इंग्लंडहून वाफेचं इंजिन आणलं; त्याआधी तिथे माणसं पायांनी चाक फिरवत. कागद सलग निघू लागला तशा चिंध्या पुरेनात आणि जग लाकडाकडे वळलं. मध्यप्रांत-वऱ्हाड हा एकच प्रांत असताना, १९४७ साली, न्यूजप्रिंटच्या गिरणीची कंपनी निघाली, तीही लाकडासाठीच: सालई आणि बांबू. मेळघाटापलीकडचं नेपानगर ते हेच. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ही गिरणी राष्ट्राला अर्पण केली.

चिंधीची वाट मात्र त्याआधीच पुन्हा सुरू झाली होती, ती शेजारच्या वर्ध्यात. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तिथल्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली कागदाचं काम चाललं. के. बी. जोशी यांचं हातकागदावरचं पुस्तक तिथूनच निघालं, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. राज्यघटनेची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत वैद्य यांनी लिहिली, ती पुण्यात तयार झालेल्या हातकागदावरच. अशा केंद्रांत साच्यावर कागद आजही हाताने उचलतात, पण कुटतो बीटर. होजिअरीच्या कारखान्यांतली कातरण त्याच्या हौदात पडते.

ही कातरण बाहेरून आणावी लागते, हे वऱ्हाडात बसून मला पटत नाही. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर बारीक लव उरते, तिला लिंटर म्हणतात. उंची कागदासाठी ती उत्तम. जगात ती वेगळी काढून विकतात. आपल्याकडे बहुतेक सरकी ती लव न काढताच घाण्यात जाते. सरकी ढेपेच्या वायद्याचा भाव अकोल्यावरून ठरतो. त्या ढेपेबरोबर हा तंतू गोठ्यातल्या जनावरांच्या पोटात जातो. लव काढायचं यंत्र आणि एक बीटर, एवढं एखाद्या सहकारी जिनिंगने शेजारी-शेजारी बसवलं, तर कागदाचा कच्चा माल वऱ्हाडातच तयार होईल.