वाळक्या काटकीवरील कवकांची ओळख : एक ऐतिहासिक टिपण

इगतपुरीच्या आसमंतात पाइन आपोआप उगवत नाही. भारतातील स्वाभाविक पाइनवने हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत आहेत. असे असूनही थळ घाटाच्या माथ्यावर उचललेली वाळकी काटकी सूक्ष्मदर्शकाखाली धरणाऱ्या अभ्यासकाने पाइनच्या काटकीचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे. कवकांना नावे देण्याची आपली पद्धत मोठ्या अंशी युरोपातील अशाच परिचित झाडांवर घडली.

पाइनची मेलेली काटकी सहज ओळखू येते. सुया गळून गेल्या तरी त्यांच्या जुडग्यांचे वण सालीवर राहतात. म्हणून आश्रय वनस्पतीचे नाव कवकाच्या नावातच येऊन बसणे युरोपीय संग्राहकांना स्वाभाविक वाटले. स्वीडनच्या फ्रीसने १८२३ मध्ये ‘स्फेरिया सेपिनिया’ हे नाव दिले, तेही याच रीतीचे. पुढे १८८२ पासून पादुआच्या साकार्दोने ‘सिलोगे फंगोरम’ या ग्रंथमालेत बीजाणूंचा रंग व त्यांतील पटले यांवर वर्गीकरण उभारले. ही सोय मोठी होती, पण तिच्यातील उणीवही तितकीच मोठी होती. आणि ती या पाइनवरील कवकानेच उघडी केली. त्याचे बीजाणू दीर्घकाळ एकपेशीय राहतात आणि पटल बहुधा उशिरा, रुजण्याच्या सुमारास येते. तेव्हा ते द्विपेशीय ‘डिप्लोडिया’ मानावे की एकपेशीय ‘स्फिरॉप्सिस’? फुकेलने १८७० मध्ये त्याला पहिल्या प्रजातीत घातले, डायको व सटन यांनी १९८० मध्ये दुसऱ्या. आज ते पुन्हा ‘डिप्लोडिया सेपिनिया’ म्हणून ओळखले जाते. नमुना कोवळा की पक्व, एवढ्या भेदावर प्रजाती बदलावी, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

सह्याद्रीत अडचण आणखी मुळाशी आहे. सुमारे ३००० मिलिमीटर पावसात भिजलेल्या इगतपुरीच्या रानात ऐन, जांभूळ, हिरडा, आंबा, करवंद यांची निष्पर्ण काडी जमिनीवर एकसारखीच काळवंडलेली दिसते. आश्रय वनस्पती ठाऊक नसल्याने चिठ्ठीवर नुसते ‘वाळक्या काडीवर’ लिहावे लागते आणि पाइनवर उपयोगी पडलेली किल्ली येथे लागत नाही. उप्पल, पटेल व कामत यांचा ‘द फंगाय ऑफ बॉम्बे’ हा १९३५ मधील ग्रंथ कृषिखात्याचा होता. रानातील मेलेल्या काड्यांची सविस्तर नोंद त्याच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. पुढे तेथे मा. ना. कामत यांच्या मार्गदर्शनाखाली कवकशास्त्र रुजले आणि आजरेकरांच्या नावाने कवकसंग्रहही उभा राहिला. या संग्रहामुळे नाव चुकले तरी वस्तू राहते, हा लाभ प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व याद्यांहून थोर आहे.

आंब्याच्या वाळलेल्या फांदीवर वारंवार आढळणारे ‘लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी’ पाहावे. त्याचे बीजाणू प्रथम वर्णहीन व एकपेशीय असतात. पुढे ते तपकिरी होतात, मध्ये एक पटल येते आणि लांबीच्या दिशेने रेषा उमटतात. पातुयारने १८९२ मध्ये ते कोकोवरून वर्णिले, म्हणून नावात कोको आला. परंतु हे कवक कोकोपुरते मुळीच नाही. पाइनवरील डिप्लोडिया आणि हे एकाच कुलातील आहेत, हे केंद्रकाम्लांच्या तुलनेने आता दृढ झाले आहे. एका कवकाच्या लैंगिक व अलैंगिक अवस्थांना वेगळी नावे देण्याची परंपरा मेलबर्नच्या २०११ च्या वनस्पतिशास्त्र परिषदेने संपुष्टात आणली. तिचा परिणाम काड्यांवरील कवकांवर विशेष झाला, कारण त्यांची लैंगिक अवस्था क्वचितच हाती लागते.

तथापि केंद्रकाम्लाची तुलना तरी कशाशी करावयाची? मूळ वर्णनाचा जुना नमुना बहुधा परदेशी संग्रहात असतो आणि त्यातून केंद्रकाम्ल मिळेलच असे नाही. तेव्हा त्याच प्रदेशातून, त्याच आश्रय वनस्पतीवरून नवा नमुना आणावा लागतो. ‘वाळक्या काडीवर, इगतपुरी’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवरून पुन्हा कोणत्या झाडाकडे जावे हे ठरविता येत नाही. मेलेली फांदी झाडावर असतानाच तोडावी आणि त्याच झाडाची पाने, शक्य तर फुलेही, त्याच पाकिटात ठेवावीत.