करवीरकर चौथे शिवाजीमहाराज यांची नजरकैद व भ्रमिष्टांविषयींचे कायदे

करवीरचे छत्रपति राजाराममहाराज हे विलायतेहून परत येत असतां ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निवर्तले. त्यांच्यामागें दत्तक आलेले चौथे शिवाजीमहाराज यांचा जन्म १८६३ चा. अर्थात् ते अगदीं बालवयांत गादीवर बसले. पुढें महाराजांस बुद्धिभ्रंश झाला असें ठरवून, १८८२ सालीं कागलकर जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजंट या नात्यानें कारभार सोंपविण्यांत आला. ता. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें, पहाऱ्यावरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें.

महाराज खरोखरच भ्रमिष्ट होते, कीं छळानें ते तसे झाले, कीं केवळ तसे ठरविले गेले, याचाच खल या प्रकरणीं आजवर विशेष होत आला. आमच्या मतें हा वाद केवळ जुन्या कागदांवरून मिटणारा नव्हे. मेलेल्या मनुष्याची नाडी पाहतां येत नाहीं, आणि त्याच्या मनाची परीक्षा तर त्याहूनही कठीण. परंतु कागदांवरून विचारतां येण्याजोगे तीन प्रश्न आहेत: महाराजांस अटकेंत ठेवण्याचा अधिकार कोणाचा, दाखला कोणाचा, आणि सुटकेची दाद कोणाकडे? संशोधकानें या प्रश्नांकडे वळावें, एवढेंच आमचें सांगणें.

यासाठीं तत्कालीन कायदा ध्यानांत घेतला पाहिजे. १८५८ सालीं भ्रमिष्टांसंबंधीं ३४, ३५ व ३६ या क्रमांकांचे तीन कायदे झाले. पहिला सुप्रीम कोर्टांच्या हद्दीपुरता होता. दुसऱ्यानें इतर मुलखांतील मालमत्तावान् इसमाची चौकशी दिवाणी न्यायालयानें करून त्याच्या मालमत्तेस व्यवस्थापक व देहास पालक नेमावयाचा होता. तिसरा वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा. मोकाट फिरणारा अथवा धोकादायक भ्रमिष्ट आढळल्यास पोलिसांनीं त्यास मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें, मॅजिस्ट्रेटानें डॉक्टराच्या साह्यानें त्यास तपासावें, आणि डॉक्टराचा सहीचा दाखला मिळाल्यावरच इस्पितळांत पाठविण्याचा हुकूम द्यावा, असा त्याचा क्रम. इस्पितळावर देखरेख ठेवण्यास पाहणीदारही नेमलेले असत. हा कायदा उदार होता असें नव्हे. रोग्याच्या बऱ्यापेक्षां रस्त्यावरील बंदोबस्ताची चिंता त्यांत अधिक दिसते. तथापि हुकूम, दाखला व देखरेख या तीन गोष्टी त्यानें आवश्यक केल्या.

आतां विरोध पहावा. अहमदनगर हा ब्रिटिश मुलूख. त्या शहरांत एखादा भिक्षेकरी भ्रमिष्ट म्हणून धरला गेला, तर त्यास मॅजिस्ट्रेटाचें तोंड तरी दिसावयाचें. संस्थानिकाची गोष्ट निराळी. त्याची योग्यायोग्यता ठरविणें हा राजकीय खात्याचा विषय. तेथें उघडें न्यायासन नाहीं, प्रतिपक्षाचा वकील नाहीं, अपील नाहीं. ज्या सरकारच्या हातीं संस्थानाची देखरेख, त्याच सरकारच्या हातीं राजाच्या बुद्धीचा निवाडा. भिक्षेकऱ्यास जें कायद्याचें कवच, तें छत्रपतींस नव्हतें, ही या प्रकरणांतील मर्माची गोष्ट होय.

न्यायासन नसलें म्हणजे लोक वर्तमानपत्रांकडे वळतात. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं महाराजांच्या छळाचा बोभाटा केला आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नांवचीं पत्रें पुराव्यादाखल पुढें आलीं. बर्वे यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली, पत्रें बनावट ठरलीं, आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. संग्राहकांनीं येथें थांबून विचार करावा. खोट्या कागदानें बर्वे यांच्यावर अन्याय झालाच. पण त्याहून मोठी हानि अशी कीं, पत्रें खोटीं ठरतांच महाराजांचें गाऱ्हाणेंही खोटें मानणें विरोधकांस सोपें झालें. वस्तुतः एकावरून दुसरें सिद्ध होत नाहीं. पुढें दीडच वर्षानें महाराज पहाऱ्यांत मृत्यु पावले, हें तर कोणीही बनावट म्हणूं शकत नाहीं.

१८५८ च्या कायद्यांची जागा १९१२ च्या चौथ्या कायद्यानें घेतली. त्याची जागा १९८७ च्या कायद्यानें. आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ सालीं अंमलांत आला. यांत रोग्याच्या संमतीवांचून दाखल करावयाचें तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासावें लागतें, पैकीं एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. पहिली मुदत तीस दिवसांपलीकडे जात नाहीं. सात दिवसांच्या आंत, व स्त्री किंवा अज्ञान मूल असल्यास तीन दिवसांच्या आंत, पुनरीक्षण मंडळास कळवावें लागतें, आणि रोग्यास त्या मंडळाकडे दाद मागतां येते. कोणाच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून त्यास मनोरुग्ण ठरवूं नये, असेंही तिसऱ्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. तें वाक्य वाचतांना आम्हांस अहमदनगरच्या त्या वीस वर्षांच्या कैद्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

सनदा, महजर व खलिते आपण जिवापाड जपतों. डॉक्टराचा दाखला, पहाऱ्याची हजेरी, खानगीच्या खर्चाचा फर्द हे मात्र रद्दींत जातात. राजास कोणी कोंडलें, कोणाच्या सहीनें कोंडलें आणि त्यास कोण भेटूं शकत होतें, हें सांगणारे कागद हेच होत. ज्यांच्या दप्तरांत असे रुमाल असतील त्यांनीं ते हलके समजून टाकूं नयेत, आणि बाहेर काढतांना अस्सल-नकलेची परीक्षा आधीं करावी. एकदां खोट्या कागदानें या राजाची बाजू बुडाली आहे. ती पुन्हां बुडूं नये.